तापमानवाढ आणि सरोवरांचे जलतापमान : सुपीरिअर व टांगानिका सरोवरांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
जागतिक तापमानवाढीची चर्चा प्रामुख्याने हवेचे तापमान, हिमनद्या आणि समुद्रपातळी यांभोवती होत असते. त्या तुलनेत सरोवरांच्या जलतापमानाकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा वळले. जगातील २३५ सरोवरांचा एक व्यापक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९८५ ते २००९ या काळात उन्हाळ्यातील पृष्ठजलाचे तापमान सरासरीने दर दशकास ०.३४ अंश सेल्सिअसने वाढले. मात्र ही वाढ सर्वत्र सारखी नाही. या भिन्नतेची कारणे व परिणाम स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उष्णता व घनता :
सूर्यकिरण आणि वातावरणातील दीर्घलहरी प्रारण यांतून सरोवरास उष्णता मिळते. बाष्पीभवन, पाण्याचे स्वतःचे प्रारण व हवेशी होणारा संपर्क यांतून ती खर्च होते. त्यामुळे हवेच्या तापमानाबरोबरच ढग, वारा, आर्द्रता, हिमाच्छादन आणि खोली हे घटकही निर्णायक ठरतात.

गोडे पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक घन असते. त्याहून उबदार झालेले पाणी हलके होऊन वर राहते व थंड पाणी तळाशी जाते. यालाच औष्णिक स्तरीकरण म्हणतात. ४ वरून ५ अंशांवर जाताना पाण्याची घनता जेवढी घटते, त्याच्या सुमारे तीसपट ती २५ वरून २६ अंशांवर जाताना घटते. म्हणूनच उष्ण कटिबंधातील सरोवरांत अल्पशी तापमानवाढही दूरगामी ठरते.

सुपीरिअर सरोवर :
उत्तर अमेरिकेतील या सरोवराच्या उन्हाळी पृष्ठजलाचे तापमान १९७९ ते २००६ या काळात सुमारे २.५ अंशांनी वाढले. परिसरातील हवेपेक्षा हा वेग अधिक होता. हिमाच्छादन घटल्यास सूर्यप्रकाशाचे परावर्तन कमी होते आणि गडद पाणी वसंत ऋतूतच उष्णता शोषू लागते. परिणामी स्तरीकरणाचा प्रारंभ दर वर्षी सुमारे अर्ध्या दिवसाने अलीकडे सरकला व वरच्या थरास तापण्यासाठी अधिक अवधी मिळाला. अर्थात हा कल सरळ रेषेत नसतो. २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेतील महासरोवरांचा सुमारे ९२ टक्के पृष्ठभाग गोठला होता.

टांगानिका सरोवर :
सुमारे १,४७० मीटर खोल असलेले हे सरोवर बुरुंडी, काँगो लोकशाही प्रजासत्ताक, टांझानिया व झांबिया या देशांत विभागलेले आहे. येथे हिमाचा प्रश्नच नाही. पोषकद्रव्ये खोल पाण्यात साठतात व वाऱ्यामुळे होणाऱ्या मिश्रणातून वर येतात. पृष्ठजल तापल्याने घनतेतील फरक वाढून हे मिश्रण क्षीण होते. त्यामुळे वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटते आणि त्यावर अवलंबून असलेल्या माशांचे उत्पादन घटते. २००३ मधील एका संशोधनाने प्राथमिक उत्पादकता सुमारे २० टक्क्यांनी घटली असावी व त्यामुळे मत्स्योत्पादनात सुमारे ३० टक्के घट संभवते, असा अंदाज मांडला. या ऱ्हासास केवळ अतिमासेमारी जबाबदार असल्याचा युक्तिवाद केला जातो. परंतु २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गाळाच्या नमुन्यांच्या अभ्यासानुसार माशांच्या अवशेषांतील घट व्यापारी मासेमारीच्या आधीच सुरू झाली होती. किनाऱ्यावरील लक्षावधी लोकांच्या आहारातील प्रथिनांचा प्रश्न याच्याशी निगडित आहे.

निष्कर्ष :
१. सरोवराचे तापमान म्हणजे हवेच्या तापमानाचे केवळ प्रतिबिंब नव्हे. हिम, वारा व खोली यांनुसार त्याचा प्रतिसाद बदलतो.
२. शीत प्रदेशात हिमाच्छादनातील घट, तर उष्ण प्रदेशात मिश्रणातील अडथळा हा महत्त्वाचा दुवा आहे.
३. केवळ पृष्ठभागाचे मापन पुरेसे नाही. समशीतोष्ण प्रदेशातील ३९३ सरोवरांच्या २०२१ मधील अभ्यासात १९८० पासून विद्राव्य ऑक्सिजन पृष्ठजलात ५.५ टक्क्यांनी, तर खोल पाण्यात १८.६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.
४. बैकल सरोवराच्या पृष्ठजलात १९४६ पासून झालेली १.२१ अंशांची वाढ २००८ मध्ये मांडता आली, ती एकाच कुटुंबातील तीन पिढ्यांच्या संशोधकांनी चिकाटीने ठेवलेल्या नोंदींमुळे. दीर्घकालीन व सातत्यपूर्ण नोंदी हाच या अभ्यासाचा खरा पाया होय.