पत्र्याखालचा भाकरीचा धंदा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण दुपारी चक्कर, पायांत गोळे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या भगिनींत घरीच कडक भाकरीचा किंवा शेंगाचटणीचा धंदा सुरू केलेल्या बऱ्याच असतात. ‘डॉक्टर, मी उन्हात गेलेच नाही,’ असे त्या सांगतात, आणि ते खरेच असते. वर तापलेला पत्रा, पुढ्यात शेगडी आणि ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद! घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही.

धंदा मांडताना परात, तवा, काटा यांचा हिशेब होतो, जागेचा होत नाही. भाकऱ्या पहाटे थापाव्यात, दुपारी फक्त बांधाबांध करावी. पत्र्यावर चुना मारावा, समोरासमोर खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्या खोलीत म्हाताऱ्यांना व तान्ह्या मुलांना झोपवू नये. फार घाम गेल्यास एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे प्यावे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेल्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला आणि अंग भाजत असेल, तर घाम असला तरी तो उष्माघात समजावा. पॅरासिटॅमॉलने हा ताप उतरत नाही. कांदा हुंगवण्यात वेळ गेलेले रोगी मी पाहिले आहेत. लगेच १०८ ला फोन करावा, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.