मसाल्याच्या डब्याची निगा

ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पिठले व मिरचीचा ठेचा हे बुलढाणा जिल्ह्यातील नित्याचे अन्न होय. त्यास चव आणणारी मिरची, हळद, धने व ओवा ही रोज पोटात जातात. म्हणून त्यांच्या साठवणीत हयगय होता कामा नये.

मिरची पुष्कळदा अंगणात उघड्या मातीवर वाळविली जाते. रात्रीच्या दवाने ती पुन्हा ओलसर होते व तिला बुरशी धरते. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करतात. १९६० मध्ये इंग्लंडात भुईमुगाची दूषित पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा या विषाचा छडा लागला. ते माणसाच्या यकृतासही घातक असून तळल्याने वा शिजविल्याने पुरते नाहीसे होत नाही. सबब बुरशी पुसून मिरची कुटणे ही काटकसर नव्हे.

मिरची स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरावी व सायंकाळी झाकावी. हालविताच आतील बी खुळखुळू लागले म्हणजे ती कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. तिखट थोडे थोडे कुटावे. मसाल्यात ओला चमचा घालू नये.

परसात कढीपत्ता लावावा. धने रगडून, फोडी करून पेरल्यास सुमारे ४० दिवसांत कोथिंबीर मिळते. औषध लावलेले बियाणे मात्र स्वयंपाकात कदापि वापरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत महिला मंडळांत प्रत्यक्ष करून दाखवावी.