करजगावच्या कवीची ख्रिस्तभक्ती

'केवढे हे क्रौर्य' ही घायाळ पक्षिणीची कविता मराठी शाळांतून शिकलेल्या कित्येक पिढ्यांना पाठ आहे. तिचे कर्ते रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. दापोली तालुक्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी त्यांचा जन्म झाला. 'फुलामुलांचे कवी' म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु देवाचे प्रेम माणसाला भेटते तरी कोठे, या एका प्रश्नापायी ज्याने स्वतःच्या आयुष्याची घडी विसकटू दिली, असा साधक ही त्यांची दुसरी ओळख आज मागे पडली आहे.

बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर स्कॉटिश मिशनरी १८२०च्या दशकातच येऊन पोहोचले होते. दापोलीच्या मिशन हायस्कूलने तर पुढे पां. वा. काणे आणि साने गुरुजी यांच्यासारखे विद्यार्थी घडविले. टिळकांना मात्र ख्रिस्त भेटला तो कोकणात नव्हे, तर आगगाडीत! १८९३च्या सुमारास राजनांदगावला जाताना डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाशी काव्य आणि धर्म यांवर गप्पा रंगल्या. निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत हाती ठेवली. दिलेला शब्द पाळायचा म्हणून टिळक ती वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन थबकले. शत्रूवर प्रेम करा, उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू देऊ नका, या शिकवणीने त्यांना कायमचे बांधून टाकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे ख्रिस्ती विचारातील एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. सेवा ही पुण्यसंचयासाठी करावयाची नसते. देवाने आधीच, आणि लायकी न पाहता, प्रेम केले आहे. सेवा हा त्या प्रेमाला दिलेला प्रतिसाद. वारकरी संस्कारात वाढलेल्या मनाला हे परके वाटू नये. टिळकांनाही ते वाटले नाही. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशीच त्यांची भावना होती.

मात्र या प्रेमाची किंमत प्रथम मोजली ती घरच्या माणसाने. टिळकांच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. सुमारे पाच वर्षे त्या मुलासह पतीपासून दूर, नातलगांच्या आधाराने राहिल्या. प्रेमाचा धर्म पत्करणाऱ्याने आपल्याच पत्नीला एवढ्या दुःखात लोटावे, ही गोष्ट टिळकांच्या चरित्रकारांनी फार हळुवारपणे हाताळली आहे. 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी ती लपविलेली नाही. उलट, हसत-हसत सांगितल्यामुळे ती अधिकच बोचते.

त्यांचा स्वतःचा मार्ग वेगळा निघाला. कडक सोवळेओवळे पाळणाऱ्या या बाईंचे मन वळविले ते धर्मचर्चेने नव्हे. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीकडे परतल्यानंतर, माणसा-माणसांतील उच्चनीच देवाने केलेले नाही, हे त्यांना स्वतःच्या विचारातून उमगले. १८९९-१९००च्या भीषण दुष्काळात राहुरीस अनाथ पोरांचे जेवणखाण, दुखणीखुपणी पाहताना ते हातांत उतरले. भुकेल्या पोराला जवळ घेताना विटाळ आठवत नाही. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पतीला पुस्तकातून सापडलेले पत्नीला स्वयंपाकघरातून सापडले, असे म्हणावेसे वाटते.

टिळकांची उपासना मननातून चाले. अमेरिकन मराठी मिशनमध्ये अध्यापन, उपदेश आणि 'ज्ञानोदय'मधील लेखन हा त्यांचा व्याप मोठा. तरी एकांतात सुचलेले अभंग आणि भजने हीच त्यांची खरी प्रार्थना. परदेशी चालींवर बेतलेल्या गीतांपुढे टाळ-मृदंग, ओवी, कीर्तन यांना त्यांनी मराठी चर्चमध्ये मानाचे स्थान मिळवून दिले. आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत त्यांची पदे गायिली जातात.

पण पगारी धर्मसेवा त्यांना हळूहळू टोचू लागली. प्रेमाचा प्रतिसाद दरमहा वेतन घेऊन द्यावयाचा कसा? शिवाय गोऱ्या मिशनरींच्या हाताखालचा भारतीय सेवक हे नातेही त्यांच्या स्वाभिमानी राष्ट्रवृत्तीला रुचत नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारण्याचे योजिले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी या दरबारात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. ती आपल्या काळाच्या फार पुढची होती, असे माझे मत आहे. तिला आकार देण्यास त्यांना पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मागे उरले 'ख्रिस्तायन'. ख्रिस्तचरित्रावरील या महाकाव्याचे सुरुवातीचे दहा-अकरा अध्यायच टिळकांच्या हातून झाले होते. शाळेची पायरी न चढलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम अंगावर घेतले आणि पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. १९३६ मध्ये त्या गेल्या, तेव्हा शेवटचा अध्याय तेवढा राहिला होता. तो मुलगा देवदत्त यांनी लिहिला.