लसीच्या बाटलीत जंतू शिरू नयेत म्हणून मशीनच तशी बनवतात!

तुमच्या मोबाईलमध्ये कोविड लसीचं सर्टिफिकेट अजून असेलच. त्यावर 'कोविशिल्ड' असेल, तर ती लस आपल्या पुण्यातली, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची. १२ जानेवारी २०२१ ला तिचे पहिले ट्रक पुण्यातून निघाले. ५ मिलीच्या एका बाटलीत १० डोस. म्हणजे एका बाटलीत जंतू शिरला, तर धोका १० जणांना.

मग भरलेली बाटली उकळून का घेत नाहीत? कारण उष्णतेने लसच निकामी होते.

बरं, टेस्ट करून खराब बाटल्या काढल्या तर? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मलाही आधी हेच सुचलं. पण तपासलेली बाटली वाया जाते, म्हणून मोठ्या बॅचमधल्या साधारण २० बाटल्याच तपासतात. समजा, हजारात एक बाटली खराब आहे. तर २० बाटल्या तपासूनही एकही खराब न सापडण्याची शक्यता तब्बल ९८ टक्के!

म्हणून काळजी मशीनच्या डिझाइनमध्येच घ्यावी लागते. ती अशी:

१. माणूस बाहेर: सगळ्यात जास्त जंतू आपल्याच त्वचेवरून आणि श्वासातून येतात. म्हणून बाटल्या बंद पेटीत भरतात. तिला आयसोलेटर म्हणतात. आत हात घालायचा, तर पेटीलाच बसवलेल्या ग्लोव्हजमधून. काम सुरू करण्याआधी पेटी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने निर्जंतुक करतात.

२. हवा वरून खाली: हेपा फिल्टरमधून गाळलेली हवा एकाच दिशेने वाहते. उघड्या बाटलीच्या वर हात किंवा मशीनचा भाग येता कामा नये, नाहीतर त्यावरचे कण थेट बाटलीत पडतील. इथे एक घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२० चालतात.

३. फटी कमी: डब्याच्या झाकणाच्या खाचेत मसाला अडकतो ना? तसंच इथे होतं. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत, कोपरे गोल आणि उघडे स्क्रू कमीत कमी.

शेवटी आख्ख्या लाईनची परीक्षा होते. लसीऐवजी जंतूंचं खाद्य हजारो बाटल्यांत भरतात आणि १४ दिवस उबदार जागी ठेवतात. एक जरी बाटली गढूळ झाली, तरी कारण शोधावंच लागतं.

आमच्या ॲपमध्ये बग निघाला, तर रात्री अपडेट टाकता येतो. टोचून झालेल्या लसीला ती सोय नाही.