ध्वनिवर्धक आणि रसिकाचा कान

ध्वनिवर्धक बदलला की गाण्याचा गोडवाही बदलतो, असे शौकीन छातीठोकपणे सांगतात. १९७८ साली इंग्लंडमध्ये ‘क्वाड’ यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने याची परीक्षा करविली. १९५३ चे व्हॉल्व्हचे यंत्र आणि १९६७ व १९७५ ची ट्रान्झिस्टरची दोन, तिन्ही तिचीच! आवाजाची पातळी समान राखून, चालू यंत्र कोणते हे श्रोत्यांपासून लपविले होते. जाणत्या कानांनाही भेद ओळखता आला नाही. मेख आहे ती पातळीत. एखादे यंत्र अर्ध्या डेसिबेलने मोठे वाजले, तरी कान त्याला मोठे न म्हणता सुरेल म्हणतो. मात्र यंत्र ताकदीबाहेर ताणले तर आवाज फाटतो. त्याचा अंतर्गत विद्युत्‌रोध जास्त असला, तर लाउडस्पीकरागणिक स्वरांचा तोल ढळतो. हा भेद मोजताही येतो.