मनीच्या तोंडचा घास

मांजराने मराठी भाषेला पुष्कळ दिले आहे. डोळे मिटून दूध पिणे त्याने दिले, आडवे जाणे त्याने दिले, उंदराला साक्ष राहण्याचे कामही त्याने पत्करले. त्याच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न तर आमच्या कॉलेजातल्या प्रत्येक सभेत निघतो. दातांवरही आपल्याकडे म्हणींचा तोटा नाही. पण मांजर आणि दात या दोघांना एकत्र आणणारी म्हण काही, वीस वर्षे मराठी शिकवूनही, मला आठवत नाही. मांजराच्या तोंडात डोकावून पाहण्याचे आपल्या वाडवडिलांना सुचले नसावे. मलाही सुचले नव्हते. गेल्या वर्षी श्रावणात ते सुचणे भाग पडले.

आमची मनी सात वर्षांची. मराठीच्या प्राध्यापिकेच्या घरी मांजराचे नाव काही तरी भारदस्त असेल, अशी पाहुण्यांची समजूत असते. परंतु तिचे बारसे सासूबाईंनी केले आणि मनी ती मनीच राहिली. जिन्याखाली सापडलेले हे पिल्लू सासूबाईंनी पदराखाली घेऊन वाढविले. घर पूर्ण शाकाहारी. तेव्हा सकाळी दूधपोळी, दुपारी दहीभात आणि रात्री सायीचा गोळा, असा मनीचा आहार ठरून गेला. "आमची मनी मासळीला तोंड लावत नाही हो!" असे सासूबाई शेजारीपाजारी अभिमानाने सांगत. मासळी तिच्यापुढे कधी आलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी. पाली, उंदीर आणि नाकतोडे ती बाहेरच्या बाहेर परस्पर खात असे. त्याची नोंद घरच्या दप्तरी नव्हती.

तर श्रावणातल्या एका सकाळी मनी बशीपाशी आली, वास घेतला, एक घास उचलला आणि कोणी चटका द्यावा तशी मागे सरकून पळाली. पुन्हा आली, मान एका बाजूला कलती करून खाऊ लागली, पुन्हा पळाली. भूक होती, खाणे होत नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली असेल." त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. चार दिवसांनी हनुवटीवर लाळ दिसू लागली, आणि ती मांडीवर येऊन बसली की असा दर्प येई, की आमचे हे वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत जात. आता सासूबाईंनी निदान बदलले. "अगं, हिची दाढ दुखते. मला नाही का दुखत होती? लवंगेचं तेल आण." कापसाचा बोळा तयारही झाला होता. मनीने ऐन वेळी कपाटावर उडी मारली म्हणून तो तिच्या तोंडात गेला नाही, एवढेच.

त्या उडीचे मोल मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळले. लवंगेचे तेल माणसाच्या दाढेला गुण देते. मांजराला ते विष आहे. अशी द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची जी सोय आपल्या यकृतात आहे, ती मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. आणि त्याहून भयंकर म्हणजे आपली नेहमीची पॅरासिटामॉलची गोळी. माणसाच्या डोकेदुखीवरची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. वाचकहो, पुढचे काही वाचले नाहीत तरी चालेल, पण एवढे लक्षात असू द्या. मांजराचे तोंड दुखते आहे असे वाटले, तर घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नका.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी मनीला पंचात गुंडाळले, अंगठ्याने तिचा ओठ वर उचलला आणि मला म्हणाल्या, "या काकू, बघा." सात वर्षे ज्या तोंडाने आमच्या घरचे अन्न खाल्ले, ते तोंड मी प्रथमच आतून पाहिले. मागच्या दाढांवर पिवळे-तपकिरी कीटण चढले होते, हिरड्यांच्या कडेने कुंकवासारखी लाल रेघ ओढलेली होती, आणि एके ठिकाणी हिरडी दातापासून सुटून त्या फटीत पू दिसत होता.

"इतके दुखत असेल तर ही ओरडली कशी नाही?" मी विचारले.

"मांजर ओरडत नाही, काकू. दुखणं लपवण्याचाच त्याचा स्वभाव. ज्या दिवशी ते खाणं सोडतं, त्या दिवशी दुखणं जुनं झालेलं असतं." मग त्यांनी विचारले, "खायला काय घालता?"

मी दूधपोळी, दहीभात, साय अशी यादी सांगितली. सांगताना अजूनही माझ्या स्वरात थोडी प्रौढी होती. डॉक्टरीणबाई हसल्या. "म्हणजे हे मांजर तुमच्या दूधपोळीवर नाही जगलं. तुमच्या पालींवर जगलं."

नंतर त्यांनी जे समजावून सांगितले आणि पुढे मी पुस्तके उघडून जे वाचले, ते इथे सांगते. मोठ्या मांजराला तीस दात असतात. पुढे चिमुकले बारा, चार सुळे, आणि मागे चौदा दाढा-उपदाढा. पण या दाढांना दाढा म्हणताना माझी जीभ अडखळते. आपली दाढ म्हणजे जाते; ती दळते. मांजराची दाढ म्हणजे कात्री. वरची एक आणि खालची एक अशा पात्यासारख्या दोन दाढा एकमेकींना घासून जातात आणि मांस कापतात. त्याचा जबडा वरखाली होतो, आपल्यासारखा आडवा फिरत नाही. म्हणून मांजर चावून चावून खात नाही. कापते आणि गिळते. याच दातांनी ते उंदराची मान मोडते आणि याच दातांनी पिल्लाला मानेशी धरून, ओरखडाही न उमटू देता, माळ्यावर नेऊन ठेवते. असे हत्यार ज्याच्या तोंडात आहे, त्याच्यापुढे आम्ही सात वर्षे भिजविलेली पोळी ठेवीत होतो! कात्रीने कापायला काहीच नाही, आणि चिकट लगदा मात्र दातांच्या कडेला बसतो आहे.

दातांवर जंतूंचा एक बुळबुळीत थर सतत जमत असतो; आपल्याही, मांजराच्याही. तो पुसला गेला नाही, तर लाळेतले क्षार त्यात बसून थोड्याच दिवसांत त्याचे दगडासारखे कीटण होते. त्या खडबडीत कीटणावर पुन्हा नवा थर. हिरडी आधी नुसती सुजते. या वेळी दात स्वच्छ केले, तर ती पूर्ववत होते. पण एकदा दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागले, की गेले ते परत येत नाही. जाणकार सांगतात, की तीन वर्षांवरच्या बहुसंख्य मांजरांच्या हिरड्यांत थोडाफार रोग असतोच.

एक गंमत सांगते. आपले दात किडतात तसे मांजराचे दात किडत नाहीत. गोडाची आणि त्याची ओळखच नाही. गोड चव ओळखण्याचे जे जनुक बहुतेक सस्तन प्राण्यांत चालते, ते मांजराच्या कुळात मोडून पडले आहे. हा शोध अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी 2005 साली प्रसिद्ध केला. मनी सासूबाईंच्या पेढ्याला जीभ लावते, ती खव्यातल्या स्निग्धपणासाठी. साखरेचा तिला पत्ताही नसतो. हे सांगितल्यावर सासूबाईंना फार वाईट वाटले. "इतकी वर्षं मी उगीच साखर घालत होते का गं दुधात?"

मनीला भूल देऊन दातांचे एक्स-रे काढले, कीटण खरवडले आणि चार दात काढावे लागले. त्यांतले दोन हिरडीच्या रोगाने सैल झालेले. उरलेल्या दोनांचा प्रकार निराळाच होता. मांजराच्या शरीरातल्या पेशीच त्याचा दात मुळाशी कुरतडू लागतात, आणि हिरडीच्या कडेला भोक पडून आतली शीर उघडी पडते. असे का होते, हे अद्याप कोणालाही सापडलेले नाही, आणि कोणत्याही आहाराने ते टळते असे म्हणता येत नाही. हे डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितले, ते मला आवडले. नाही तर मी जन्मभर चारही दात दूधपोळीच्या माथी मारले असते.

तिसातले चार गेले, सव्वीस राहिले. मांजराच्या पिल्लाला दुधाचे दात सव्वीसच असतात. "म्हणजे पुन्हा लहान झाली म्हणायची," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःची कवळी वाटीत ठेवून तिच्या शेजारी निजल्या.

आता खरा पेच पुढे होता. काय घालायचे? मांजराला मांस हवे, ही आवडीची बाब नव्हे. टॉरिन नावाचे एक द्रव्य आहे. आपण ते शरीरात तयार करतो, मांजराला ते पुरेसे करता येत नाही, आणि ते वनस्पतींत जवळजवळ नसतेच. ते कमी पडले की मांजर आंधळे होते, हे 1975 साली कळले. आणि त्याचे हृदय फुगून निकामी होते, हे 1987 साली. ही वर्षे मी सासूबाईंना सांगितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या ओट्यावर नको. मागच्या गॅलरीत शिजव. भांडं वेगळं ठेव." एवढ्यावर हे प्रकरण मिटले. ज्या बाईने चातुर्मासात कांदालसूण घरात येऊ दिली नाही, तिच्या या एका वाक्याची किंमत मला ठाऊक आहे.

अर्थात नुसते मांस शिजवून घातले की झाले, असेही नाही. उत्साहाच्या भरात मी तीच चूक करणार होते. रानातले मांजर उंदीर खाते तो हाडांसकट. त्यातून त्याला कॅल्शियम मिळते. नुसत्या मांसात ते फार थोडे. पिल्लांना केवळ मांसावर वाढविले, तर शरीर हाडांतले कॅल्शियम उपसू लागते. हाडे ठिसूळ होतात, जबडाही त्यातून सुटत नाही, आणि निरोगी दातसुद्धा हलू लागतात. मग हाडेच घालावीत का? शिजविलेले हाड मुळीच घालू नये. ते उभे फुटते आणि त्याचे अणकुचीदार तुकडे टाळूत, घशात रुततात. दातही त्याने तुटतात. नुसत्या काळजावर ठेवलेल्या मांजराला अ जीवनसत्त्व अति होऊन मानेची हाडे एकमेकांना जखडतात. कच्च्या मासळीत ब-1 जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असू शकते. ती उकडून घातलेली बरी. आपल्या ताटातला रस्सा तर नकोच. कांदालसणाने मांजराचे रक्त बिघडते. आणि दूध? मोठ्या मांजराला ते बहुधा पचत नाही. सात वर्षे मनीचे पोट अधूनमधून का बिघडे, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

तेव्हा मुख्य अन्न म्हणून बाजारात मिळणारे, मांजरासाठी सर्व घटक घालून केलेले पूर्ण अन्न, आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनतीनदा उकडलेल्या कोंबडीचे बिनहाडाचे, बिनमसाल्याचे तुकडे, असे ठरले. हे तुकडे बारीक खिमा करून घालू नयेत. बोटभर लांबीची पट्टी ठेवावी, म्हणजे मागच्या कात्रीला काम मिळते. मनीने पहिली पट्टी तोंडात धरली, मान कलती केली आणि कच् कच् असा आवाज काढून कापली. तो आवाज आमच्या घरात नवा होता.

कोरड्या दाण्यांनी दात आपोआप घासले जातात, अशी माझी समजूत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काकू, तुम्ही टोस्ट खाल्लात म्हणून दात घासायचे सोडता का?" साधा दाणा दाताचे टोक लागताच फुटतो, हिरडीपर्यंत काही पोहोचत नाही. तरीही लगद्यापेक्षा तो बरा. दातांसाठी मुद्दाम केलेले दाणे येतात, ते आकाराने मोठे आणि आत तंतूंची जाळी असलेले असतात. दात त्यात खोल रुतल्यावरच ते फुटतात, आणि रुतताना दात पुसला जातो. काहींत असे क्षार घालतात, की लाळेतले कॅल्शियम त्यांना चिकटते आणि कीटण होण्यास उरत नाही. असे अन्न घेताना व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल या 1997 साली स्थापन झालेल्या मंडळाची मान्यता आहे का, ते पाहावे. नुसत्या जाहिरातीवर जाऊ नये. मात्र कोरडे अन्न खाणाऱ्या मांजराच्या पोटात एकूण पाणी कमी जाते, आणि म्हाताऱ्या मांजराच्या मूत्रपिंडांचा प्रश्न असतोच. म्हणून आम्ही रात्रीचे जेवण ओले ठेवले आहे. दातांसाठी सगळे शरीर वेठीस धरणे मला पटत नाही.

बाकी सर्वांत गुणकारी उपाय आहाराचा नाहीच. तो आहे ब्रशाचा! हे ऐकून तुम्ही हसाल. आमचे हे तर खो खो हसले. पण कोंबडीच्या चवीची मांजरांची पेस्ट मिळते. पहिला आठवडा ती नुसती बोटावर चाटू दिली. मग बोटाला मऊ कापड गुंडाळले, मग लहान मुलाचा मऊ ब्रश. फक्त दातांच्या बाहेरच्या बाजू घासायच्या. आतली बाजू तिची खरखरीत जीभ बरीचशी सांभाळते. आपली पेस्ट वापरायची नाही. मांजराला चूळ भरता येत नाही, फेस आणि फ्लोराइड सगळे पोटात जाते. महिनाभर माझ्या मनगटांवर ओरखडे होते. कॉलेजात सहकाऱ्यांनी विचारले, तेव्हा मी ते पेपर तपासण्याच्या खाती घातले.

ब्रश माझ्याकडे आहे, तपासणी मात्र सासूबाईंकडे गेली आहे. दर शनिवारी सकाळी त्या खिडकीच्या उजेडात पाटावर बसतात, चष्मा लावतात आणि मनीला मांडीवर घेऊन अंगठ्याने तिचा ओठ वर करतात. मनी डोळे मिटून घेते. मी आत डबा भरीत असते, तेवढ्यात बाहेरून हाक येते,

"अगं, उजवीकडची मागची जराशी लाल वाटते गं. ये बघू इकडे, आणि येताना हात धुऊन ये!"