तिरका दांडा, सरळ वाट

जुन्या बडोद्याची चार दरवाजांच्या आतली वस्ती कोणी सोंगट्यांच्या पटावरून बेतली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे. मधोमध मांडवी, पश्चिमेस लहेरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर दरवाजा आणि दक्षिणेस गेंडीगेट. लहेरीपुऱ्याहून गेंडीगेटला निघालेल्या माणसाने सरळ मांडवीपर्यंत यावे आणि उजवीकडे वळावे. पोळांतून तिरके घुसणाऱ्यांची गोष्ट निराळी. हमरस्त्याला दिशा चारच.

पॅक-मॅन नावाचा खेळ याच जातीचा. जपानच्या नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी तो रचला आणि 1980 साली तो बाजारात आला. पिवळा गोलोबा चक्रव्यूहातून ठिपके खात हिंडतो, चार भुते त्याच्या मागावर असतात. उभ्या आणि आडव्या गल्ल्या, तिरकी एकही नाही. माणसाचा हात मात्र तिरका जातोच, आणि तिथेच सारी गंमत आहे.

माझ्या पुतण्याने घरी एक लाकडी पेटी करून तीत संगणक बसविला, वर दांडा लावला आणि त्याच धर्तीचा एक खेळ स्वतः लिहिला. तो खेळू लागली आमची आक्का. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचा उजवा हात पुष्कळसा सावरला आहे; पण बोटे म्हणावी तशी वळत नाहीत. तासन् तास गादीवर बसून राहणारी ही बाई दांडा हाती येताच पदर खोचून बसू लागली, याचेच आम्हांला अप्रूप! परंतु चार दिवसांत तिची तक्रार सुरू झाली, ‘‘हा मेला वळतच नाही.’’ पुतण्या म्हणाला, ‘‘आत्या, सरळ ढकल ना.’’ ते उत्तर मला मुळीच आवडले नाही. हात सरळ जात असता तर प्रश्नच कुठे होता?

दांड्याच्या बुडाशी चार बाजूंना चार लहान कळा असतात. दांडा उजवीकडे झुकला की उजवी कळ दबते, वर झुकला की वरची. कोनात झुकला की दोन्ही. संगणक सेकंदाला साठेक वेळा विचारतो, कोणती कळ दबली आहे? एकदम दोन उत्तरे आली की त्याने काय करावे, हे मात्र खेळ लिहिणाऱ्याला आधीच ठरवून ठेवावे लागते. आमच्या चिरंजिवांनी उजवीची विचारणा आधी आणि वरची नंतर ठेवली होती. आक्का वर वळू पाही, पण हात किंचित उजवीकडेच राही. उजवीचे उत्तर आधी मिळे आणि गोलोबा गल्लीचे तोंड ओलांडून पुढे, थेट भुताच्या स्वाधीन!

जुन्या यंत्रांवर याचा बंदोबस्त लाकूड-लोखंडातच केलेला असे. दांड्याभोवती एक पट्टी असते; तिचे चौकोनी भोक पंचेचाळीस अंशांनी फिरविले की त्याचे कोपरे चार मुख्य दिशांना येतात आणि दांडा आपोआप त्यांतच घसरतो. उपाय उत्तम, पण धडधाकट मनगटासाठी. आक्काचा दांडा एका कोपऱ्यात बसला की बाहेर निघेना. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून टाकली.

मग उरला नियम. एक मत असे की, तिरके उत्तर आले तर ते मानूच नये, आधीची दिशा चालू ठेवावी. जुनी यंत्रे संगणकावर चालविणारा ‘मेम’ हा कार्यक्रम इटलीच्या निकोला सालमोरिया यांनी 1997 साली सुरू केला; त्यातही अशी सोय आहे. चांगल्या हाताला ती पुरते, कारण डावीकडून वर जाताना दांडा कोनातून क्षणभरच जातो. आक्काचा हात कोनातच मुक्काम करी! दुसरे मत, जी कळ शेवटी दबली ती खरी. याने वळणे साधू लागली, पण उजवीकडे धावताना हात जरा वर सरकला की गोलोबा भलत्याच गल्लीत शिरे.

चुकून सरकलेला हात आणि मुद्दाम वळविलेला हात यांत फरक कोणता? मुद्दाम वळविलेला हात क्षणभर टिकतो. पुतण्याने तेच धरले: नवी कळ सलग चार विचारणांत, म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग, दबलेली राहिली तरच वळण मानायचे, त्या बाजूला भिंत असेल तर गोलोबाने आपल्या वाटेने जावे आणि पुढची मोकळी गल्ली येताच वळावे. चारच का? तीन आणि सहा करून पाहिले. तिनात चुका राहिल्या, सहात आक्का ‘‘उशीर, उशीर’’ म्हणू लागली.

मूळ पॅक-मॅनमध्येही खेळणाराला अशी सवलत आहे. वळणाच्या मध्यबिंदूच्या किंचित आधी दांडा फिरविला, तर गोलोबा कोपरा कापून दोन-चार ठिपकुल्यांपुरता चक्क तिरका जातो आणि तेवढा पुढे निघतो. भुतांना हे जमत नाही. चारच दिशांचा म्हणून गाजलेल्या खेळात तिरपी चाल अशी दडलेली आहे. पोळांतून मांडवी चुकविणाऱ्या आमच्या पोरांना हे सांगायला नको.

हल्ली संध्याकाळचा दिवा लागला की आक्का पेटीपुढे असते. लाल भूत तिला अजून गाठते, पण दांड्याला शिव्या नाहीत. आता पुतण्याने शिड्यांचा खेळ लिहायला घेतला आहे, 1981 च्या डाँकी काँगच्या वळणावरचा. तिथे हा नियम जसाच्या तसा चालत नाही. मागून पिंप गडगडत येत असताना हात जरा वर टिकला की माणूस शिडीला चिकटायचा. तेव्हा शिडीपाशी चाराऐवजी आठ विचारणा ठेवाव्यात की धावताना वरची कळ मुळी मानूच नये, यावर घरात वाद चालू आहे. आक्काचे म्हणणे, आधी पिंपे हळू कर.